ट्रकच्या जागी माणसं

रोह्याच्या एका कंपनीत मी हजेरीचं काम बघायचे. डेटाबेस, एसक्यूएल हे सगळं मी एका ऑनलाइन चॅट ग्रुपवर शिकले, पेणच्या रामवाडीतून रोज एसटीने जाता-येता, मोबाइलवर. तिथे मी खरं नाव दिलं नव्हतं, नुसती चार अक्षरं होती, त्यामुळे सगळे मला सर म्हणायचे. मीही कधी दुरुस्त केलं नाही. आधी नुसते प्रश्न विचारायचे, मग हळूहळू उत्तरंही द्यायला लागले. ऑफिसात मात्र मी 'ओ मॅडम, जरा प्रिंट काढा' एवढ्याच कामाची.

आमच्या हजेरीत एक खोट होती. तिसऱ्या पाळीचा माणूस रात्री आत यायचा आणि सकाळी, म्हणजे दुसऱ्या तारखेला, बाहेर पडायचा. रिपोर्ट एकेका तारखेपुरतंच बघायचा, त्यामुळे तो गैरहजर. खांब गावचे एक काका टेबलापाशी येऊन म्हणाले, "रातभर मशीनवर उभा हाय मी, न् तुमचा कंप्युटर सांगतो मी आलोच नाय." अशा सगळ्यांची हजेरी मी दर महिन्याला हाताने दुरुस्त करायचे. डेटाबेसमधून रिपोर्ट काढणारी क्वेरी बदलली तर हे मुळातूनच मिटेल, असं साहेबांना कितीदा सांगितलं. "तुम्ही त्यात पडू नका," एवढंच उत्तर. माझं कंत्राट संपत आलं होतं, म्हणून मी तोंड मिटून बसले.

ग्रुपवर एक रिवाज आहे. कंपनीचा खरा डेटा कुणी उघड करत नाही. माणसांच्या जागी खुर्च्या, पगाराच्या जागी आंबे, असं काहीबाही घालून विचारायचं. एके दिवशी एसटीत, गडब गाव मागे पडलं आणि कुणाचा तरी प्रश्न दिसला: ट्रक रात्री गोदामात येतो, सकाळी निघतो, पण रिपोर्टमध्ये सापडतच नाही. मला बापडीला ट्रक म्हणजे ट्रकच वाटले. तारीख सोडा, ट्रकच्या आत येण्याला त्याचंच पुढचं बाहेर जाणं जोडा, असं सांगून नागोठणं येईस्तोवर अख्खी क्वेरी लिहून दिली. "थँक यू सर, मोठे उपकार झाले," असं उत्तर आलं. दिवसभर मी खुशीत होते.

त्याच आठवड्यात साहेबांनी बोलावलं. हजेरी आता आपोआप जुळते, हाताने दुरुस्तीची गरज उरली नाही, तेव्हा कंत्राट पुढे वाढवत नाही, म्हणाले. स्क्रीनवर माझीच क्वेरी होती, फक्त ट्रकच्या जागी माणसं बसवलेली. "एका एक्स्पर्टकडून करून घेतलं," ते म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मोबाइल काढून मी त्यांच्यासमोर धरला. त्यांनी स्वतःचा प्रश्न वाचला, खाली माझं उत्तर वाचलं, परत वर जाऊन उत्तर देणाऱ्याचं नाव बघितलं. वाटलं, आता तरी हा माणूस खजील होईल.

"बाहेरच्यांना फुकट शिकवता," ते म्हणाले, "आणि इथे पगार घेऊन एकदाही सांगितलं नाहीत?"

ते खोटं बोलत नव्हते. मी सांगितलेलं त्यांना खरंच आठवत नव्हतं. खोटं बोलले असते तर मला इतकं लागलं नसतं.