खालांनी प्लग काढला

"मॅडम, कोठी भागातली आपली अख्खी गल्ली बंद आहे," आमचा टेक्निशियन सलीम फोनवर म्हणाला. "नोडला करंटच नाही."

"लाईट गेलीय का?"

"नै. खालांनी प्लग काढलाय."

माझं डोकंच फिरलं. माझी केबल कंपनी उभी केली ती याच गल्लीत. पहिली डिश इथल्याच गच्चीवर बसवली, उन्हात उभं राहून वायर ओढून घेतली. आणि आज रविवारी दुपारी तिथले सगळे टीव्ही बंद. दुसऱ्या कंपनीची माणसं गल्लीच्या तोंडाशी पत्रकं वाटत उभी होती. संध्याकाळपर्यंत सुरू झालं नाही, तर गल्ली हातची जाणार.

नोड म्हणजे एक डबा. फायबरमधून आलेला सिग्नल तो घरोघरच्या वायरीत सोडतो. त्याला सतत करंट लागतो. खांबावर ठेवला तर चोरीला जातो, म्हणून आमच्या धंद्यात तो एखाद्या गिऱ्हाइकाच्या घरात ठेवतात. करंट त्यांचा, बदल्यात कनेक्शन फुकट. करार वगैरे काही नसतो. गल्लीभर ज्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणतात त्यांच्या जिन्याखाली आमचं हे मशीन माझा मुलगा शाळेत होता तेव्हापासून आहे.

तो मुलगा, निखिल, एमबीए करून आता ऑफिस सांभाळतो. कंपनी त्याच्या नावावर करायचं मी ठरवलं होतं. त्याला बोलावलं.

"खालांचं कनेक्शन कोणी कापलं?"

"कुठल्या खाला?" त्याने कॉम्प्युटरवर बघितलं. "हां, कोठी. झिरो-बिलिंग कस्टमर. असे सगळे काल बंद केले, आई. नुसतं पैशाचं लीकेज होतं."

"लीकेज? अरे गाढवा, त्या बाईच्या करंटवर तुझी गल्ली चालते."

"मग पोलीस कम्प्लेंट करू. इक्विपमेंट आपलं आहे."

एक कानाखाली द्यावीशी वाटली. "ऊठ. गाडीत बस," म्हटलं.

खालांनी दार उघडलं. मला म्हणाल्या, "आव बेटी." निखिलकडे बघितलंसुद्धा नाही.

"तुमारे आफिस से फोन आया. बोले, फुकट में टीवी नै मिलता. मैं बोली, ठीक है, फुकट में करंट भी नै मिलता."

निखिल पुढे झाला. "आंटी, करंट का पैसा हम हर महीने देंगे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकदा गल्लीत पाणी शिरलं, तेव्हा याच बाईंनी ते मशीन उचलून स्वतःच्या पलंगावर ठेवलं होतं आणि रात्रभर स्वतः खुर्चीत बसल्या होत्या. त्याचा पैसा कुठल्या हिशोबात बसवायचा?

"माफ करो खाला," मी म्हटलं. खाला जिन्याखाली गेल्या. वाकून प्लग लावला. हिरवा दिवा लागला. थोड्या वेळाने सलीमचा फोन आला, गल्ली चालू.

"तेरे वास्ते लगायी," खाला म्हणाल्या. "महीने भर में दूसरी जगा देख ले."

गाडीत निखिल म्हणाला, "बरंच झालं आई. आता प्रॉपर अॅग्रीमेंट करून जागा घेऊ."

"घे," मी म्हटलं. "तूच शोध."

फुकट कोण घेतंय ते कॉम्प्युटर सांगतो. फुकट कोण देतंय ते त्याला कोणी भरून दिलेलंच नसतं. त्या रात्री नोड असलेल्या प्रत्येक घरी मी स्वतः फोन केला आणि टीव्ही परत सुरू करून दिले.

निखिल आता रोज संध्याकाळी कोठीत दारोदार फिरतो, हातात छापील अॅग्रीमेंट घेऊन. अजून कोणी हो म्हटलेलं नाही. कंपनीही अजून माझ्याच नावावर आहे.