बाईंचा डावा कान

कानाच्या तपासणीच्या खोलीत बाईंचं राज्य. मी तिथली मावशी. नावं पुकारायची, खुर्ची पुसायची. बाई पेशंटला काचेपलीकडे बसवणार, हेडफोन लावणार आणि दम देणार, "आवाज आला तरच बटण दाबा. अंदाजपंचे चालणार नाही!"

एकाच कानाने कमी ऐकू येतंय, एकाच कानात शिट्टी वाजतेय म्हटलं की बाईंचा शेरा ठरलेला: एमआरआय. कानाच्या नसेवर गाठ नाही ना, एवढं बघायचं. कुणाचा चेहरा पडला तर म्हणायच्या, "घाबरायचं काय त्यात? डोळे मिटून पडून राहायचं!"

आणि स्वतः? चार महिने झाले, डावीकडून हाक मारली तर ढिम्म. उजव्या हाताने लिहायचं आणि फोनही उजव्याच कानाला, मान वाकडी करकरून. मी म्हटलं, "बाई, डावा कान दाखवा हो."

"दर सोमवारी तपासते मी स्वतःला. एकदम ठणठणीत!"

त्या सोमवारी मी मुद्दाम बघत उभी राहिले. एक हात मशीनवर, दुसऱ्या हातात बटण. आवाज स्वतःच सोडायचा आणि स्वतःच दाबायचं! माझं डोकंच फिरलं. "उठा! जा काचेपलीकडे!"

"तुम्हाला मशीन येतं का, मावशी?"

"बावीस वर्षं बघतेय. तोंड भिंतीकडे करा."

उजव्या कानाला बटणाचा दिवा माझ्यासमोर पटापट लागला. डाव्याला मी आवाज वाढवत गेले, वाढवत गेले. दिवा लागेचना. बाहेर येऊन बाईंनी आकडे दोनदा बघितले. मीच पेन पुढे केलं. "लिहा. लोकांना लिहिता तेच."

डॉक्टरांनी लगेच सही केली. एमआरआयच्या नळकांड्यात अर्ध्या मिनिटात बाईंनी घाबरल्याची घंटी दाबली, तीही पाच वेळा. शेवटी कानातलं, हातातलं काढून ठेवून मी आत गेले आणि त्यांचा पाय धरून उभी राहिले.

गाठ निघाली. मटाराच्या दाण्याएवढी, कॅन्सरची नाही. "लवकर सापडली," डॉक्टर म्हणाले. "लक्ष ठेवू. सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय."

"पुन्हा?" बाई ओरडल्याच.

दुसऱ्या दिवशी एक आजोबा आले. डाव्या कानात शिट्टी. शेरा बघून त्यांचा चेहरा पडला. आता बाई डोळे मिटायला सांगणार, मला माहीतच होतं.

"भीती वाटते, आजोबा," बाई म्हणाल्या. "मला तर भयंकर वाटली. सोबत कुणी आहे?"

"नाही."

"मग आमच्या मावशी येतील. पाय छान धरतात."