गिरजाची फारकत

"तारीख कवा हाय गं, विजे?"

दवाखान्याच्या खाटेवरून गिरजानं विचारलं तेव्हा सकाळचे आठ वाजले असतील. मी चमच्यानं तिला वरणाचं पाणी पाजत होते. "आजून एकोणीस दिवस हायेत," मी म्हटलं. "मग हाय की येळ," ती म्हणाली आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. मी घरी आले, आंघोळ केली, केस विंचरायला बसले तोवर तिच्या थोरल्या भावाचा, माधवदादाचा, फोन आला. "ताई, गिरजा गेली." कंगवा हातात धरून मी तशीच बसून राहिले. सांगायला लाज वाटते, पण रडू आलं नाही. आधी आठवली ती तारीख. एकोणीस दिवस गं बाई, एकोणीस दिवस दम धरला असतास तर काय झालं असतं? मेलेल्या मैत्रिणीवर मी चक्क चिडले होते. आज पाच आठवडे झाले, तो राग अजून गेलेला नाही... फक्त तो तिच्यावरचा नव्हता, हे आता कळून राहिलंय.

आम्ही दोघी अहमदपूर तालुक्यातल्या एकाच गावच्या. सहावीपासून बारावीपर्यंत एकाच एसटीनं अहमदपूरच्या शाळेत गेलो. मी तोंडाची फटकळ, ती नकलांची राणी. कंडक्टरची, हेडमास्तरांची, माझ्या आईची अशी हुबेहूब नक्कल करायची की आई स्वतः पदर तोंडात कोंबून हसायची. बारावी झाली आणि घरच्यांनी तिचं लग्न लातूरकडच्या एका गावात लावून दिलं. नवऱ्याचं मन आधीपासून दुसरीकडं होतं, आणि तो ते हातानं बोलून दाखवायचा. दुसऱ्या वर्षी ती सुजलेलं मनगट घेऊन माहेरी आली ती परत गेली नाही. मी विचारलं, तेव्हा म्हणाली, "लई नकला केल्या बघ तिथं. सुखी बाईची नक्कल काय जमली न्हाई." बोलली आणि हसली. मला हसू आलं नव्हतं.

मग फारकत झाली. आमच्याकडं त्या काळी कोर्टाचं नाव कोण काढत होतं? दोन्हीकडची माणसं गिरजाच्या अंगणात सतरंजीवर बसली. माधवदादानं तहसीलजवळून बाँडपेपर आणला होता. एका म्हाताऱ्यानं तुराटीची काडी घेतली, कटकन मोडली, अर्धी नवऱ्याच्या हातात दिली, अर्धी गिरजाच्या. तिनं मंगळसूत्र आणि जोडवी रुमालात बांधून सतरंजीवर ठेवली. आता लिहायचं कुणी? "विजीचं अक्षर मोत्यावानी हाय," कुणीतरी म्हणालं. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, फुशारून गेले. म्हातारा सांगत गेला, मी लिहीत गेले. आजपासून दोघे एकमेकांचे कोणी लागत नाहीत, दोघेही दुसरे लग्न करण्यास मोकळे आहेत, कुणाची तक्रार राहिली नाही. खाली पाच पंचांच्या सह्या. समास सोडून, रेघा आखून लिहिलं होतं हो मी! वर गिरजाला मिठी मारून म्हणाले, "सुटलीस बाई एकदाची." तिनं ते खरं मानलं. मीही मानलं, सगळ्या गावानं मानलं. पुढच्याच वर्षी त्यानं दुसरं लग्न केलं, त्याच्या गावानंही मानलं.

गिरजा डी.एड. झाली आणि किनवटकडं आश्रमशाळेत मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून लागली. रानातल्या वाड्यावस्त्यांवरून आलेल्या, पहिले आठ दिवस नुसत्या रडणाऱ्या पोरी. ती त्यांना त्यांच्याच रडण्याची नक्कल करून हसवायची. लग्न परत केलं नाही. कुणी विषय काढला की म्हणायची, "माझ्या दीडशे पोरी हायेत, आजून किती पायजेत?" वर्षानुवर्षं प्रत्येक अर्जात, प्रत्येक फॉर्मवर वैवाहिक स्थितीच्या पुढं तिनं बिनघोर 'घटस्फोटित' लिहिलं. पुढं नांदेडच्या वसतिगृहात बदली झाली, तेव्हा माझ्या जिवाला बरं वाटलं. मी इथंच शाळेत शिकवते. रविवारी ती यायची, ओट्यावर बसून शेंगा खायची आणि टरफलं माझ्याच सुपात टाकायची.

तीन वर्षांपूर्वी कार्यालयातून सेवापुस्तकाची तपासणी निघाली. घटस्फोटित लिहिलंय ना, मग कोर्टाचा हुकूमनामा जोडा. गिरजानं तो बाँड नेऊन दिला. तिथल्या बाबूनं तो उलटून पालटून पाहिला आणि म्हणाला, "अक्षर मस्त आहे, पण हा घटस्फोट नाही." ती माझ्याकडं आली ती पांढरीफटक होऊन. तरी तिला आशा होती. "पंचांनी कुठंतरी दाखल केलं असंल की गं, विजे. सरकारात नोंद असल्याबिगर तो दुसरं लगीन कसा करंल?" आणि मी, एवढी शिकलेली, मी म्हणाले, "हाव, असंलच. धुंडू आपण."

मग आम्ही धुंडलं. सुट्ट्या टाकून आधी अहमदपूरच्या कोर्टात गेलो. नक्कल मिळायच्या खिडकीवर अर्ज दिला. पक्षकारांची नावं, गाव, अंदाजे साल. दावा क्रमांकाच्या जागी काय लिहायचं ते कळेना, कोरीच सोडली. तिथं नाही म्हटल्यावर लातूरला गेलो. जिल्हा कोर्टाच्या अभिलेख कक्षात लाल कापडात बांधलेली गठुडी छतापर्यंत. तिथले कारकून भले माणूस होते. त्यांनी त्या सालचं आणि पुढच्या तीन सालांचं रजिस्टर काढून बोटानं ओळ न् ओळ पाहिली. गिरजा खिडकीच्या गजाला धरून त्यांच्या बोटाकडं बघत होती. एका ठिकाणी बोट थांबलं तशी ती "हाय का?" म्हणून ओरडलीच. दुसरीच कुणी गिरजाबाई निघाली. शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि हळू आवाजात विचारलं, "बाई, दावा कुणी दाखल केला होता? दोघांपैकी कुणी कधी कोर्टात उभं राहिलं होतं का?" गिरजानं नाही म्हणून मान हलवली. "दावाच न्हाई तर निकाल कुठून निघंल, माय?" ते म्हणाले. बाहेर येऊन ती पायरीवर बसली. "म्हणजी चोवीस वर्सं मी त्याचीच बायको हाय," एवढंच बोलली. मला वाटलं होतं ती मला शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

वकीलबाईंनी सांगितलं, तुमच्या समाजात अशी फारकतीची रूढी आहे हे सिद्ध करता येतं, पण अवघड. पंचांपैकी चार वारले. त्यापेक्षा नव्यानं अर्ज करा, बाईला ती राहते तिथल्या कोर्टातच दावा टाकता येतो, लातूरला खेपा नकोत. गिरजानं विचार करायला एक दिवससुद्धा घेतला नाही. मीच म्हणाले, जाऊ दे ना, अर्जात 'विवाहित' लिही, कुणाला काय पडलंय? तेव्हा ती माझ्यावर पहिल्यांदा खेकसली. "मला पडलंय! काकू मेली तवा बघितलं का? काकानं जन्मभर बडवलं तिला, अन् मेल्यावर हिरवं नेसवून त्याच्याच हातानं कुंकू लावलं. बाया म्हणल्या, भाग्याची, नवऱ्याच्या आधी अहेव गेली. मला तसलं भाग्य नगं, विजे. मी मेल्यावर मला हिरवं नेसवायचं न्हाई अन् त्याचं बोट माझ्या कपाळाला लागायचं न्हाई. त्यासाठी कागद पायजे." बोलून झाल्यावर स्वतःच माझ्या दचकलेल्या चेहऱ्याची नक्कल केली.

दावा नांदेडला दाखल झाला. नवरा समन्स घेईना. त्यालाही भीती, दुसरं लग्न खोटं ठरलं तर लेकरांचं काय. दोन वर्षं तारखांत गेली. शेवटी तो आला, केस पिकलेला, वाकलेला, आणि दोघांच्या संमतीनं अर्ज करायला तयार झाला. तर कायदा म्हणतो सहा महिने थांबा, विचार बदलला तर! वकीलबाई म्हणाल्या, इतकी वर्षं वेगळे राहता, मुदत माफ करून मागू. गिरजा म्हणाली, "कशाला साहेबापुढं तोंड वेंगाडायचं? सव्वीस वर्सं गेली, सहा महिन्यानं काय बिघडतंय?" मीही मान डोलावली. दोन महिन्यांनी तिचं पोट दुखायला लागलं. पित्त म्हणून अंगावर काढलं, आणि तपासण्या झाल्या तेव्हा डॉक्टर आमच्याशी बोलताना कागदाकडंच बघत होते.

ती गेल्यावर तिला दवाखान्यातून गावी नेलं, मी सोबत गेले. गाडी दारात थांबली तर बायका आधीच ताट घेऊन उभ्या. ताटात हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, मळवटाचं कुंकू. मी म्हटलं, हे काय? तिची फारकत झालीय, सगळ्या गावापुढं झालीय. तिची चुलत भावजय म्हणाली, "ती कुठली फारकत, ताई? कोर्टानंच म्हणलं की ती खरी न्हाई म्हणून. दावा चालूच हाय न्हवं? नवरा जित्ता हाय, म्हणजी सवाष्णच." चोवीस वर्षं या गावानं तिला मोकळी मानलं होतं. तिला पुन्हा बायको केलं ते आम्ही केलेल्या शोधाशोधीनं, आमच्या दाव्यानं. मी ओरडले, तिला नको होतं हे, तिनं मला सांगितलंय. माधवदादा वाईट माणूस नाही. त्यानं डोळे पुसत, हात जोडत विचारलं, "ताई, कागद हाय का तुमच्याकडं?"

नव्हता. माझ्या अक्षरातला एक होता, तो काय दाखवणार?

नवऱ्याला कुणीतरी बोलावून घेतलं होतं. तो उंबऱ्यापाशी अवघडून उभा होता. "मला कशाला मधी घेता," असं दोनदा म्हणाला, पण म्हाताऱ्यांनी पुढं ढकललं. त्यानं कुंकवात बोट बुडवलं आणि तिच्या कपाळाला लावलं. मी बघितलं. डोळे मिटून घ्यायला हवे होते, पण वाटलं, निदान हे बघायची शिक्षा तरी आपण भोगावी. मागून एक बाई म्हणाली, "नशीब काढलं गं बया." मी त्या घरात पाणीसुद्धा न पिता निघाले.

तारखेला मी कोर्टात गेले. कशाला गेले, मला सांगता येणार नाही. शिपायानं पुकारा केला, गिरजाबाई... गिरजाबाई... गिरजाबाई. वकीलबाईंनी मृत्यूचा दाखला पुढं केला. अर्जदार मयत, प्रकरण निकाली. पुढचं नाव पुकारलं गेलं. नवरा मागच्या बाकावर बसला होता. जाताना माझ्यापाशी थांबला, म्हणाला, "मी सही करणारच होतो, बाई." मी पिशवी उचलून निघाले. खरं तर त्याच्यावर संतापायची ताकदही उरली नव्हती.

त्यानंतर आठवड्यानं वसतिगृहातून निरोप आला, खोली रिकामी करून द्या. दवाखान्यापासून चालत दहा मिनिटांवर ती खोली. खोलीत एक खाट, एक कपाट. तिथं स्वयंपाक करणाऱ्या सरूबाईंनी कपाट उघडून दिलं. वरच्या फळीवर नवी कोरी साडी होती, विटकरी रंगाची, सुती. फॉल लावलेला, इस्त्री केलेली, ब्लाउज शिवून वर ठेवलेला. "ही निकालाच्या दिवशी नेसायची म्हणून आणली होती बाईंनी," सरूबाई म्हणाल्या. "आन् म्हणल्या होत्या, तवर काय झालंच तर सरू, हीच नेसव मला. म्या म्हणलं, कायबी अभद्र बोलू नगा..." मला कधी सांगितलं नव्हतं तिनं. का सांगेल? मी तर दरवेळी तिला म्हणत होते, हाय की येळ अजून. त्या सकाळी केस विंचरत बसण्याऐवजी मी इथं आले असते, सरूबाईंशी दोन शब्द बोलले असते, तर गावची गाडी यायच्या आत दवाखान्यातच आम्ही दोघींनी तिला ही नेसवली असती. मग कुणाच्या बापाची हिंमत होती ती साडी सोडायची?

साडी मी घरी आणली. काल बहीण म्हणाली, चांगली आहे, नेस की. मी तिच्या हातातून घेतली आणि परत कपाटात ठेवली. अजून तिची घडी मोडलेली नाही.