सरपंचपती आणि दहा कोरे कागद

नागरिकशास्त्र शिकवण्यात माझी उभी नोकरी गेली. फळ्यावर ‘राष्ट्रपती’ हा शब्द लिहिला की मागच्या बाकावरून दरवर्षी एक प्रश्न हटकून यायचा. “सर, बाई राष्ट्रपती झाली तर मंग तिच्या नवऱ्याला काय म्हणायचं?” वर्ग खिदळायचा. मी खडू आपटून सांगायचो की इथे पती म्हणजे नवरा नव्हे, प्रमुख. सेनापती, कुलपती, तसा राष्ट्रपती. पोरं मान डोलवायची आणि पुढच्या वर्षीची पोरं तोच प्रश्न विचारायची.

चूक त्यांची नव्हती. आमच्या गावात पती म्हणजे नवराच. सरपंचपद बाईसाठी राखीव झालं की गावाला दोन माणसं मिळतात, एक सरपंच आणि एक सरपंचपती. सही पहिलीची, बाकी सगळं दुसऱ्याचं. आमचं गाव तीर्थपुरीच्या बाजाराला जाणारं, लहान. मी निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं, तेवढ्यात पद बाईसाठी सुटलं, पॅनलवाल्यांनी माझ्या बायकोचा अर्ज भरला आणि मी सरपंचपती झालो. सत्कारात पहिला हार माझ्याच गळ्यात पडला. मीही तो काढला नाही.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. कोणी कोणाचं बघून लिहिलंय हे मी नुसत्या अक्षरावरून ओळखायचो. तपासायला आलेला एकही पेपर मी वरवर चाळला नाही. पोरं मला पाठीमागे सीआयडी म्हणत. मला ते आवडायचं.

त्यात दिवसही संशयाचेच होते. पक्ष फुटला होता. फुटला तिकडे मुंबईत, पण चिरा आमच्या पारापर्यंत आल्या. एका तालुकाध्यक्षाचे दोन तालुकाध्यक्ष झाले. दोघांच्या बॅनरवर जुन्या पुढाऱ्यांचे तेच फोटो, दोघांचा दावा एकच, की खरा पक्ष आमचाच. लग्नात कोण कोणाच्या पंगतीला बसलं हे लोक लक्षात ठेवू लागले. चहा पाजणारा कुठल्या बाजूचा, हे कळल्याशिवाय मी बशीला हात लावत नसे. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, तरी आमचं पॅनल सत्तेतल्या गटाच्या तालुकाध्यक्षाचं, हे शेंबडं पोरही सांगत होतं.

बायकोनं पदभार घेतला त्याच दिवशी मी तिच्यापुढे सरपंचाच्या लेटरपॅडचे दहा कोरे कागद ठेवले. “खाली सह्या करून ठेव. रोज रोज तुला तकलीफ नको.”

“यावर काय लिहिणार?” तिनं विचारलं.

“जे लागेल ते.”

ती मग कागद घेऊन आत गेली, पोळपाटावर ठेवून दहाही पूर्ण केले आणि आणून दिले. मी ते लोखंडी कपाटात कुलूपबंद केले. किल्ली माझ्या करगोट्याला.

काही महिन्यांनी आमच्या बाजूचे तालुकाध्यक्ष घरी आले. सोबत पेढ्यांचा बॉक्स. मी मनात म्हटलं, आवळा आला, आता कोहळा मागतील. आणि मागितलाच. गावामागच्या टेकडीवर त्यांच्या पाहुण्याला खडीकेंद्र टाकायचं होतं. त्यासाठी ग्रामपंचायतीचा ठराव आणि सरपंचाच्या सहीचं ना हरकत पत्र हवं होतं.

“गुरुजी, जिल्हा परिषदेच्या तिकिटाला तुमचंच नाव लावून राह्यलो,” जाताना ते म्हणाले. “बिलकुल चिंता करू नका. फक्त तेवढं पत्र जल्दी द्या.”

टेकडीच्या पायथ्याला गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर आहे. सुरुंग लागले की झरे कुठे जातील सांगता येत नाही, हे मला कळत होतं. कळत असूनही मी मनाशी म्हणालो, विहीर काय, आणखी एक खोदता येईल. तिकीट पुन्हा येत नाही. आज हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती.

मासिक सभेत सदस्यांनी ठराव बहुमतानं मंजूर केला. मी नेहमीसारखा दाराजवळच्या खुर्चीवर होतो. बायकोनं इतिवृत्त वाचलं, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाली, “मला पटत न्हाई. फेरविचाराला परत पाठवते.” सगळे सदस्य तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघू लागले. मी जागच्या जागी लाल झालो.

पुढच्या महिन्यात तोच ठराव पुन्हा मंजूर झाला. घरी आल्यावर मी तिला धड्यातलं कलम ऐकवलं. राष्ट्रपतीसुद्धा मंत्रिमंडळाचा सल्ला एकदाच परत पाठवू शकतो. दुसऱ्यांदा आला की मान्य करावाच लागतो. तू कोण लागून गेलीस?

ती ज्वारी पाखडत होती. “आन् विधेयकावर सही किती दिवसांत करायची, ते लिहिलंय का?”

घटनेत अशी मुदत लिहिलेली नाही. ओसरीवर मी वर्षानुवर्षं शिकवण्या घेतल्या, त्या आत बसून तिनंही ऐकल्या होत्या. मी समजत होतो, ती भाकरी थापते आहे.

“आन् राष्ट्रपती झाला की माणूस कुण्या पक्षाचा राहात न्हाई, हे पण तुम्हीच सांगायचे,” ती म्हणाली आणि सूप झटकलं.

झालं. माझ्या डोक्यात भुंगा शिरला. हिचं हे डोकं नव्हे. हिला कोणीतरी शिकवतंय. दुसऱ्या तालुकाध्यक्षांनी हिला फोडलं असणार. पक्ष फुटतो, सदस्य फुटतात, मग सरपंच का नाही फुटणार? मी तिचा फोन बघू लागलो. ती बोलताना अंगणात गेली की मीही पाणी घालायच्या निमित्तानं तुळशीपाशी जायचो. तुळस कुजायची वेळ आली.

चतुर्थीला गावातल्या बाया जीप करून राजूरच्या गणपतीला गेल्या, त्यांच्यात तीही गेली. तिथून एकीनं मोबाईलवर स्टेटस ठेवलं. मी फोटो दोन बोटांनी मोठा केला. रांगेत माझी बायको, आणि तिच्यामागे चार माणसं सोडून पांढऱ्या शर्टात दुसरे तालुकाध्यक्ष. दर्शनाला हजारो लोक येतात, हे मला माहीत होतं. तरी मी त्या फोटोचा स्क्रीनशॉट काढून ठेवला.

संध्याकाळी ती परतली तेव्हा मी दारातच विचारलं, “राजूरला कोण कोण भेटलं?”

“गणपती,” ती म्हणाली, आणि माझ्या हातावर प्रसाद ठेवला.

मी तो खाल्ला नाही. मला खरंच राग आला होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. ही बाई मला तिकिटाला मुकवणार, आणि तेही माझ्याच घरात बसून. दुसऱ्या दिवशी ती बचत गटाच्या बैठकीला गेल्यावर मी कपाट उघडलं. दहातला एक कागद काढून त्यावर ना हरकतीचा मजकूर टाईप करून आणला, सहीच्या बरोबर वर बसेल असा. ती सरपंच होती आणि मी तिच्या सहीचा चोर होतो, पण मला वाटत होतं की मी फितुरी मोडून काढतोय.

ग्रामपंचायतीत ग्रामसेवक बसले होते. त्यांना आम्ही भाऊसाहेब म्हणतो. मी पत्र पुढे केलं. त्यांनी मजकूर वाचला, मग खाली बघितलं, मग कागद खिडकीकडे धरला.

“गुरुजी, ही म्याडमची सही न्हाई.”

“माझ्यासमोर केलीय,” मी म्हणालो. तेही खरं नव्हतं.

त्यांनी इतिवृत्ताचं रजिस्टर काढून शेजारी ठेवलं. रजिस्टरात तिचं नाव, आडनाव, खाली तिरकी रेघ आणि दोन टिंबं. कागदावर तशीच तिरकी रेघ, तशीच दोन टिंबं, पण रेघेवर नाव नव्हतं. भाऊसाहेबांनी अक्षरावर बोट ठेवून हळूच वाचलं, “न वाचता.” आणि मग माझ्याकडे न बघता रजिस्टर मिटलं.

मी पत्र घडी करून खिशात घातलं आणि घरी आलो. कपाटातले नऊही कागद काढले. नवांवर तेच. न वाचता. न वाचता. सुंदर, एकसारखं अक्षर, पोळपाटावर ठेवून काढलेलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं. मी अख्ख्या तालुक्यावर नजर ठेवून होतो.

ती आली तेव्हा कागद माझ्यापुढे पडलेले होते. काय झालं, हे तिला विचारायची गरज पडली नाही.

“कधीपासून?” मी विचारलं.

“तुम्ही दिले त्याच दिवशी.”

“म्हणजे पहिल्या दिवसापासून तुला माझा संशय होता?”

ती खाली बसली. “संशय न्हवता. आयुष्यभर तुम्ही पोरांचे पेपर तपासले. मला वाटलं, माझं एक तरी पान वाचून बघाल. वाचलं असतं तर हसला असता, आन् मी दुसऱ्या दहांवर बराबर सही करून दिली असती.” मग तिनं कागद गोळा केले आणि मोजले. “नऊच हायेत.”

तिची नजर माझ्या खिशावर गेली. मी घडी काढून दिली. तिनं चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचलं, खडीकेंद्र, टेकडी, गट नंबर, ग्रामपंचायतीची काहीही हरकत नाही. तिचा चेहरा मी इतका थकलेला कधी पाहिला नव्हता.

“हे कुणी लिहिलं?”

इतकी वर्षं हा प्रश्न मी विचारत आलो होतो, पेपर हातात धरून.

“मी,” म्हणालो.

“मंग सही पण तुमचीच करा,” ती म्हणाली, आणि तिनं माझ्या हातात पेन दिलं. मी ते धरून बसलो. सरपंचपतीची सही कुठल्याच कागदावर चालत नाही.