पावसाळ्यातला वळसा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. सांगत आले ते वेगळंच — की माझ्या पहिल्या सीनियरनं माझ्या तोंडून माहिती काढून घेतली, मला फसवलं. किती सोयीचं आहे बघा! ऐकणाऱ्याला उलट माझीच दया येते.

मी औंढ्याची. गावाच्या वर डोंगरात ठाकरवाडी आहे. तिथली हिराबाई मावशी आमच्याकडे भातलावणीला यायची. लहानपणी तिच्या कडेवर मी किती फिरले असेन! मी कायद्याला प्रवेश घेतला तेव्हा घरच्यांनी नाकं मुरडली होती. मावशीनं मात्र वाडीभर सांगितलं, "आपली पोर वकील व्हनार."

सनद मिळाली आणि मी वडगावच्या कोर्टात एका नावाजलेल्या वकिलांकडे ज्युनिअर म्हणून लागले. ज्युनिअर म्हणजे काय — तारखा घ्यायच्या, फायली वाहायच्या, सरांच्या मागे उभं राहायचं. सरांना माझं नावही आठवत नसे. "अहो मॅडम, ती फाईल..." एवढीच माझी ओळख. फार लागायचं ते मनाला.

मग ते प्रकरण आलं. वाडीची पायवाट ज्या भातखाचरातून जायची, ते पुण्याच्या एकानं बंगल्यासाठी विकत घेतलं आणि कुंपण घालायला काढलं. वाडी कोर्टात गेली. आणि आम्ही — हो, आम्ही — बंगलेवाल्याच्या बाजूनं.

मावशीला हे ठाऊक नव्हतं. काळा कोट घातलेली गावची पोर म्हणजे आपल्याच बाजूची, असंच ती धरून चालली. मला सांगता आलं नसतं का? आलं असतं. पण वाडीची माणसं तारखेला आली की मी दुसऱ्या कोर्टात काम काढायची.

एका रविवारी तिनं हाताला धरून मला ती वाट दाखवली. मी विचारलं, पावसाळ्यातही इथूनच जाता?

"न्हाई गं. भात तुडवायचं व्हय? लावणी झाली की आमी वढ्याकडनं वळसा घालतो. कापणी झाली की परत हितनं."

"आधीचा मालक अडवायचा का?"

"कोन अडवतंय? अन्न हाय ते. आमीच जात न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी बोलावलं नव्हतं, काही विचारलंही नव्हतं. मीच म्हणाले — सर, पावसाळ्यात ती वाट बंद असते. सरांनी वर पाहिलं. "मालक बंद करायचा?" आणि मी... मी मान हलवली. हो म्हणून. सर म्हणाले, "बसा." आणि पहिल्यांदा मला नावानं हाक मारली. त्या हाकेनं मला आनंद झाला. हेही सांगायलाच हवं.

कोर्टात सरांनी ठासून मांडलं, की हा हक्क नव्हेच, ही तर मालकाची मेहेरबानी. तो नको म्हणेल तेव्हा ही माणसं मुकाट्यानं दुसरीकडून जातात. वाडीला मनाई हुकूम मिळाला नाही. कुंपण उभं राहिलं. आता वाडीला बारा महिने वळसा आहे, आणि ओढा चढला की आजारी माणसाला अडल्या वेळी खाचरातून खाली आणायचीही सोय राहिली नाही. खाचरात भात नाही, हिरवळ लावली आहे.

घरातली गोष्ट, पावसाळ्यातला तो वळसा, बंगलेवाल्याच्या वकिलापर्यंत गेली कशी? वाडीनं संशय घेतला किसनवर, मावशीच्या धाकट्या दिरावर. तो बंगल्याच्या कामावर मजुरीला जायचा. मावशी मला विचारायला आली, "पोरी, किसननंच आमाला इकलं का गं?"

मी काय उत्तर दिलं? काहीच नाही. खाली बघत राहिले. तिनं काय समजायचं ते समजून घेतलं. त्याच्याशी बोलणं तोडलं, चूल वेगळी केली. तो बायकोपोरांना घेऊन तळेगावला कंपनीच्या कामाला गेला, तो परत वाडीत आला नाही. विश्वासघात झाला, असं मावशी अजून म्हणते. झालाच. फक्त नाव चुकीचं घेते.

परवा ती वाडीतल्या एका बाईला घेऊन माझ्या ऑफिसात आली. आता माझं स्वतःचं ऑफिस आहे. बाई बुजली होती, बोलेना. मावशीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "हिला समदं सांग. आपली हाय."

ती बाई सांगू लागली. मी ऐकत बसले.