रेडिओच्या तारेनं जोडलेली अंगठी

मी सुरी टेकवली आणि म्हातारीनं माझं मनगट धरलं.

“हात लावू नका त्याले, नाना.”

जळगावच्या सराफ बाजारात पन्नास वर्षं बसतोय. गिऱ्हाईक समोर बसून काम बघतं, ही आमच्याकडची रीत. सोनार आईच्या नथीतलंही सोनं काढतो म्हणतात, म्हणून बसतात. बसू द्यावं. पण कोणी हात धरला नव्हता.

म्हातारी दोंडाईच्याची. सून तिला आई म्हणे, बाकी सगळे अक्का. सकाळच्या गाडीनं दोघी आल्या होत्या. अंगठी साखरपुड्याची. अक्काच्या सासूच्या बोटात आली, सासूनं अक्काला घातली, आता येणाऱ्या नातसुनेला घालायची. साखरपुडा पुढच्या रविवारी. अंगठी चांगली. वर पिंपळपान हातानं कोरलेलं. असं पान आता कोणी कोरत नाही. खालची पट्टी झिजून कागदासारखी झालेली आणि एका जागी तुटलेली. तुटलेल्या जागी बाहेरून एक करडा गोळा, तुरीच्या डाळीएवढा.

तो गोळा शिशाचा होता. इथं थोडं समजून सांगतो. सोनं जोडायला आम्ही डाक लावतो. डाक म्हणजे सोन्यात तांबं-चांदी मिसळून केलेला बारीक तुकडा. आग दिली की तो दागिन्याच्या आधी वितळतो आणि जोड धरतो. पण जवळ शिसं असेल तर आग द्यायची नाही. तापलेलं शिसं सोन्यात शिरतं, सोनं ठिसूळ होतं, भोकं पडतात. म्हणून शिसं आधी कण न कण खरवडायचं. हे मला वडिलांनी थोबाडीत देऊन शिकवलं. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण हे पक्कं आहे.

मी अक्काला म्हणालो, “हे काढल्याशिवाय जोड बसणार नाही. कोणत्या गाढवानं लावलंय?”

“मना मालकनी,” अक्का म्हणाली. म्हणजे तिच्या नवऱ्यानं.

सून पदराआड हसली. मी खाली बघितलं.

अक्काच्या मालकांचं दोंडाईच्यात रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. भाकरी थापताना अंगठी तुटली. दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी लग्नाला जायचं होतं. त्यांनी दुकानातली कथील-शिशाची तार घेतली आणि रेडिओ जोडतात तशी अंगठी जोडून दिली.

“जन्मभर बोलनू मी त्यासले,” अक्का म्हणाली. “सोनं नासाडी टाकं म्हनीसन. आते बोलाले कोन शे?”

मालक जाऊन दोन वर्षं झालेली.

दुकानाचे शेठ गल्ल्यावरून ऐकत होते. शेठ माझ्या मुलाच्या वयाचे. माणूस वाईट नाही, घाई फार. ते म्हणाले, “अक्का, जुनी गाळू आणि अगदी तशीच नवी करू. पानसुद्धा मशीनवर हुबेहूब येतं. कोणी ओळखणार नाही.”

“मी वळखसू ना,” अक्का म्हणाली.

“आई, तो गोळा बघून पाहुणे हसतील,” सून म्हणाली.

“हसू दे. तुना सासराना हातना शे तो.”

शेठनी मला आत बोलावलं. “नाना, तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतील.”

“गाळणार नाही,” मी म्हणालो.

“मग जोडणार कसं? आग चालत नाही म्हणता.”

“बघतो.”

“रविवारपर्यंत?”

“बघतो म्हटलं ना.”

मला तेव्हा काहीच सुचलेलं नव्हतं. तरी बोलून बसलो. त्याला कारण होतं. माझी बायको आठ महिन्यांपूर्वी गेली. दोन मुलं, दोन सुना. तिच्या पाटल्या वाटायच्या, तर गाळून सारख्या दोन जोड्या करा, असं ठरलं. घरात सोनार असताना बाहेर कशाला द्यायच्या? मीच मुशीत टाकल्या. एका पाटलीला चेप होता. दाराच्या कडीवर हात आपटला होता तिचा. “सोनाराची बायको आणि चेपलेली पाटली घालते,” असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. आज काढतो, उद्या काढतो म्हणत मी दहा वर्षं काढली. मुशीत तो पाच मिनिटांत निघाला. सुनांना पाटल्या छान झाल्या. मला त्या बघवत नाहीत.

अक्काला म्हणालो, “अंगठी ठेवून जा. सुरी लावणार नाही.”

“शपथ?”

“सोनाराच्या शपथेवर विश्वास ठेवणार का?”

ती पहिल्यांदा हसली आणि ठेवून गेली. झिजलेल्या भागात भर घालायला एक तुटकं कानातलं आणलं होतं, तेही देऊन गेली. जाताना सून हळूच म्हणाली, “नाना, मुलीचं बोट बारीक आहे. ही तिला ढगळ होईल.” आणि मुलीच्या मापाची एक साधी रिंग तिनं माझ्यासमोर ठेवली. हसणारी बाई, पण माप घेऊन आली होती.

त्या मापानंच वाट दाखवली. अंगठी ढगळ, म्हणजे आत जागा आहे. आपण खडा बसवतो तेव्हा त्याला आग देत नाही. भोवती सोन्याची कड उभी करतो आणि ती खड्यावर गार-गार दाबतो. मी ठरवलं, अंगठीलाच खडा समजायचं. आत मुलीच्या मापाची, त्या तुटक्या कानातल्याच्या सोन्याची पातळ नवी पट्टी घालायची, तिच्या दोन्ही कडा बाहेर वळवून जुन्या अंगठीवर दाबायच्या. पट्टीचा जोड आधी वेगळा करून घ्यायचा. जुन्या अंगठीला आग नाही. गोळा बाहेर जसाच्या तसा राहील, बोटाला शिसंही लागणार नाही.

सुचायला सोपं. पण कडा दाबताना जोर बसतो, आणि शिशाचा जोड म्हणजे जोडच नव्हे. सटकला तर गोळा हातात येणार. मग अक्काला काय दाखवू?

मोबाइलदुरुस्तीवाल्याकडून तशीच कथील-शिशाची तार आणली. आधी सरावाला तांब्याच्या जुन्या तारेच्या तीन अंगठ्या केल्या, मुद्दाम तोडल्या आणि त्या शिशाच्या तारेनं जोडल्या. माझा गोळा अक्काच्या मालकांपेक्षा वाईट झाला. त्यांचा गोल तरी होता.

पहिलीच्या आत पट्टी घातली, कड हातोडीनं वळवली. तिसऱ्या ठोक्याला जोड सुटला. दुसरीला हातोडी घेतली नाही, ओपणीनं दाबलं. ओपणी म्हणजे घासून चमक आणायची गुळगुळीत पोलादी सळई. एका बाजूनं दाबत गेलो, पट्टी दुसरीकडे सरकली, जोड पुन्हा सुटला.

शेठ येऊन बघून गेले. “नाना, एका अंगठीला तीन दिवस? बाकीचं काम कोण करणार?”

“दुसऱ्याला द्या.”

“तांब्याच्या अंगठ्या करताय तुम्ही!”

“सोन्याच्या तोडू का?”

ते गेले. थोड्या वेळानं माझ्यासाठी चहा आला, म्हणजे राग गेला.

तिसरीला पट्टी आधी लाल तापवून मऊ करून घेतली. कड एकदम वळवली नाही. इकडे थोडं, मग बरोबर समोर थोडं, मग आडवं. खडा बसवताना करतो तसंच. हे मला आधीच सुचायला हवं होतं. म्हातारपण आणि रिकामं घर, डोकं जागेवर नसतं. तिसरी टिकली. दगडी फरशीवर आपटली, तरी टिकली.

शुक्रवारी खरी हातात घेतली. दुपारपर्यंत एक कड, संध्याकाळपर्यंत दुसरी. गोळ्याजवळ आलो तेव्हा श्वास धरून दाबत होतो. एकदा ‘टिक’ असा आवाज आला. मी ओपणी खाली ठेवली आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. परत येऊन भिंगातून बघितलं. आवाज माझ्या स्टुलाचा होता.

रविवारी मीच दोंडाईच्याला गेलो. अंगठी दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची नव्हती. मांडवात अक्कानं ती घेतली, उलटी केली, अंगठ्यानं गोळा चाचपला. बराच वेळ चाचपला. मग नातवाकडे दिली. मुलीच्या बोटात बरोबर बसली.

मुलीकडच्या एका बाईनं विचारलंच, “हे खाली काय लागलंय हो?”

मी अक्काकडे बघितलं. उत्तर दिलं ते सुनेनं. “आमच्या मामंजींचं काम आहे ते. ते रेडिओचे कारागीर होते.”

अक्का मला म्हणाली, “नाना, जेवन करीसनच जा.” आणि पदरानं डोळे पुसायला वळली.

अंगठीच्या डबीत मी चिठ्ठी ठेवली आहे, माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात: ‘या अंगठीला आग लावू नये, जोडात शिसं आहे.’ पुढच्या सोनाराला कळायला हवं.

जुना जोड आला की मी आता आधी विचारतो, हा कोणी लावला? सुरी नंतर. या विचारण्यात निम्मी दुपार जाते, लोक सांगायला लागले की थांबत नाहीत, आणि शेठ गल्ल्यावरून घड्याळ दाखवतात. दाखवू देत.