दारव्हा ते बेट, एक सीट!

चार पाखरंवेडे एकत्र आले की किस्से शोधावे लागत नाहीत. शेताच्या धुऱ्यावरून चालून आलं की पँटला कुसळं चिकटतात ना, तसे ते चिकटतातच. झटकायला बसलो की लोक म्हणतात, "अजून एक सांगा!"

आमचा ग्रुप दारव्ह्याचा. माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. रविवारी सकाळी त्याच्यासमोर जमायचं, दुर्बिणी गळ्यात घालायच्या आणि तलावाकडे निघायचं, हा आमचा कित्येक वर्षांचा शिरस्ता. गावात आम्हाला 'पाखरंवाले' म्हणतात. आधी हसून म्हणायचे. आता कोणाच्या गोठ्यात जखमी घुबड सापडलं की टोपल्यात घालून आमच्याच दारात आणतात!

तर या पाखरंवाल्यांनी यंदा ठरवलं, समुद्रात जायचं. लहानशा जहाजानं, अंदमानच्याही पलीकडे, माणसांची वस्ती नसलेल्या एका बेटावर. तिथं धनेशाची एक जात आहे, ती जगात दुसरीकडे कुठंच नाही. बेटाचं नाव आमच्यातल्या निम्म्यांच्या जिभेवर अजून बसलेलं नाही. म्हणून सगळेच नुसतं 'बेट' म्हणतात. जणू शेजारचं गाव!

* * *

या सगळ्याची सूत्रधार वंदनाताई. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात आणि आम्हालाही विद्यार्थीच समजतात. त्यांनी जहाजाच्या कंपनीला फोन लावला, स्पीकरवर. आम्ही सगळे भोवती श्वास रोखून.

पलीकडच्या बाईंनी गोड आवाजात विचारलं, "ग्रुपमध्ये समुद्राचा अनुभव कोणाला आहे?"

आम्ही एकमेकांची तोंडं पाहिली. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी समुद्र फक्त टीव्हीवर पाहिलेला.

"बरं, तुमच्या इथून सर्वांत जवळचा समुद्र कोणता?"

यावर गजानन पुढे झाला. गजानन म्हणजे आमचा कापूसवाला शेतकरी, ग्रुपमधला एकमेव ट्रॅक्टरमालक. फोनजवळ तोंड नेऊन तो छाती काढून म्हणाला, "म्याडम, दोन्हीकडचे समुद्र आमाले सारखेच लांब हायेत! असा जिल्हा तुमाले दुसरा सापडनार नाई!"

बाई बराच वेळ हसत होत्या. मग म्हणाल्या, "तुम्ही याच!"

* * *

आता बापूंबद्दल सांगायला हवं. बापू म्हणजे एसटीचे रिटायर्ड कंडक्टर, आमच्यातले सगळ्यांत वडीलधारे. सत्तरी कधीच ओलांडली, आणि उजवा गुडघा अधूनमधून रुसतो.

बेटावर धक्का नाही. जहाज दूर थांबतं. रबरी बोटीतून काठापर्यंत जायचं आणि बोट हलत असतानाच उतरायचं. कंपनीनं स्पष्ट सांगितलं, वयस्कर माणसांना उतरू द्यायचं की नाही, ते जहाजावरचा लीडर ठरवेल. त्याला धोका वाटला तर बेट जहाजावरूनच पाहायचं.

वंदनाताई हळू आवाजात म्हणाल्या, "बापू, दुर्बिणीतून दिसेल हो तरी."

बापू एरवी थट्टेखोर माणूस. त्या दिवशी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "ताई, जिंदगीभर मी लोकायले गावोगावी उतरवलं. मी मातर कुठीच उतरलो नाई. गाडी फिरली का मीबी फिरलो. एखांद्या जागी मले उतरू द्या ना वो."

त्या दिवसापासून या सहलीचा अर्थच बदलला. धनेश दिसेल तेव्हा दिसेल, पण बापू बेटावर उतरले पाहिजेत, हे प्रत्येकानं मनात धरलं.

* * *

मग दुसरीच अडचण आली. जहाज लहान, एक जागा अजून रिकामी, आणि ती भरली नाही तर फेरीच रद्द होणार होती.

"म्हंजे भरल्याबिगर सुटत नाई?" गजानन म्हणाला. "हे तं आपल्या पुसदच्या जीपसारखंच झालं!"

बापूंना एवढं पुरलं. आठवडी बाजाराच्या दिवशी हा माणूस जीपच्या थांब्यावर उभा राहून ओरडायला लागला, "बेट! बेट! एक सीट, एक सीट! चला, लगेच सुटनार!"

मी लाजेनं कांद्यांच्या ढिगाआड लपलो. एक आजी डोक्यावरचं टोपलं सांभाळत आल्या आणि म्हणाल्या, "काहून रे बावा, दिग्रसले थांबते काय?"

"थांबत नाई आजी, डायरेक्ट हाय!"

"मंग कायले ओरडून राह्यला?" म्हणत आजी पुढच्या जीपमध्ये बसल्या.

पण मेथीची जुडी घेत असलेल्या डॉक्टर सुनीताताई मात्र थबकल्या. त्यांचा दवाखाना बाजाराजवळच आहे. त्यांनी विचारलं, "कोणतं बेट? काय आहे तिथं?" बापूंनी भर बाजारात, हात पसरून, धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कशी कोंडून घेते आणि नर बाहेरून तिला कसा भरवतो, ते सगळं करून दाखवलं. भाजीवाल्या हातातलं माप तसंच धरून पाहत होत्या.

सुनीताताईंनी तिथल्या तिथं नाव दिलं. जहाजाचं बुकिंग जीपच्या थांब्यावर करणारा आमचा जगातला पहिलाच ग्रुप असावा!

* * *

कंपनीची एक सूचना अशी होती की बेटावर जाताना कपड्यांत किंवा बुटांत एकही बी असता कामा नये. बाहेरचं बी तिथं रुजलं तर बेटाचं जंगल बिघडतं.

वंदनाताईंनी शाळेतल्या शिस्तीनं तपासणी घेतली. "खिसे रिकामे करा!"

माझ्या खिशातून तूर, सोयाबीन आणि कुठल्यातरी भाजीचं बी निघालं. दुकानदाराचा खिसा, तो काय निर्मळ असणार? पण गजाननच्या खिशातून सरकी, ज्वारी, मूग, आणि मोज्यांतून मूठभर गोखरू! सुनीताताई म्हणाल्या, "गजाननभाऊ, तुम्हाला नुसतं झटकलं तरी एकरभर पेरणी होईल!"

सगळे खो-खो हसलो. गजानन हसला नाही. खिसे उलटे करून, चिमटीनं शिवणीतलं एकेक बी काढत म्हणाला, "हसू नका बावा. आपल्या इकडंबी गाजरगवत असंच बाहेरून आलतं. मी अजून निंदून राह्यलो. त्या बेटावर निंदाले कोन जाईन?"

त्यानं सहलीसाठी घेतलेले नवे बूट मग कपाटात ठेवून दिले. वावरात नाही, रस्त्यावर नाही, एकदम बेटावरच घालणार. बूट चावले तर चावले! मला या माणसाचा त्या दिवशी फार अभिमान वाटला, आणि मी तो त्याच्या तोंडावर बोलूनही दाखवला. तो म्हणाला, "मंग चहा सांग."

* * *

समुद्र लागतो म्हणतात. पोटात ढवळतं, उलट्या होतात. याची सवय कशी करायची? जिल्ह्यात लाटा आणणार कुठून?

उपाय गजाननकडे होता. नांगरून टाकलेलं काळं वावर, मोठाली ढेकळं, आणि त्यावरून रिकामी ट्रॉली! आम्ही सगळे ट्रॉलीत, डोळ्यांना दुर्बिणी लावून. बापू तेवढे गुडघा शेकत घरी होते. गजाननानं ट्रॅक्टर असा काही दामटला की मला एकाच बगळ्याचे चार दिसायला लागले.

"क्षितिजाकडे पाहा!" वंदनाताई ओरडत होत्या. "पोटाकडे लक्ष देऊ नका!"

पोटाचं लक्ष माझ्याकडे होतं, त्याला मी काय करणार! पहिली उलटी मी केली. पण तिसऱ्या रविवारी माझ्यासकट कोणाचंच पोट हललं नाही. उलट सुनीताताईंनी त्या हिंदकळत्या ट्रॉलीतून कापशी घार अचूक ओळखली.

धुऱ्यावर गजाननचे वडील कपाळावर हात धरून उभे होते. ट्रॉली जवळून गेली तसे ओरडले, "काय रे गजा, मानसं पेरून राह्यला काय?"

* * *

आणि मग तो दिवस आला. कंपनीचा लीडर कामानिमित्त नागपूरला आला होता. आमची कीर्ती त्याच्या कानावर गेलेलीच होती. तो म्हणाला, "मी येतो, तुम्हाला एकदा बोटीतून उतरवून बघतो." तरुण, उन्हानं रापलेला, डोक्यावर टोपी, मोजकं बोलणारा. बापूंना पाहताच त्याची नजर त्यांच्या गुडघ्यावर गेली, ते आम्ही पाहिलं.

धरणावर भोई बांधवांचा डोंगा घेतला. लाइफ जॅकेट अडकवली. वारा चांगलाच होता. डोंगा खडकाजवळ आला की वर उचलला जाईपर्यंत थांबायचं आणि मग पाय टाकायचा. वंदनाताई उतरल्या. गजानन तर असा उतरला की जणू वखरावरूनच उतरतोय.

शेवटच्या फेरीत सुनीताताई, मी, बापू आणि लीडर. डोंगा काठाशी आला, हिंदकळायला लागला.

"काका, आधी तुम्ही या," लीडरनं हात पुढे केला.

"नाई," बापू म्हणाले.

काठावर वंदनाताईंचा चेहरा उतरला.

लीडर समजुतीनं म्हणाला, "भीती वाटत असेल तर हरकत नाही, काका."

"भेव कायचं?" बापू उभे राहिले. "मानसं बसून हायेत ना अजून!"

त्यांनी सुनीताताईंच्या कोपराला हात दिला. "सावकाश, ताई. आता!" त्या उतरल्या. मग मला उतरवलं. मग लीडरकडे वळून म्हणाले, "चला साहेब. उजवा पाय आंधी." आणि गंमत पाहा, तो लीडरही गुपचूप उतरला!

डोंग्यात आता मागे वल्हं धरलेला भोई आणि मधोमध बापू, कशालाही न धरता उभे. डोंगा वर जायचा, खाली यायचा. बापूंनी एकदा पुढे पाहिलं, एकदा मागे पाहिलं. वाकून फळीखाली हात घातला. डोंगा उचलला जायची वाट पाहिली आणि शांतपणे खडकावर पाय ठेवला.

लीडर जॅकेटचे बंद सोडत राहिला. शेवटी वंदनाताईंनाच राहवलं नाही. "सर, बापूंचं काय?"

"बेटावर मी शेवटच्या बोटीत असतो," तो म्हणाला. "आणि सगळ्यांत शेवटी मी उतरतो. माझ्यामागे कोणी राहायचं नाही, हा माझा नियम आहे."

त्यानं बापूंकडे पाहिलं.

"या वेळी माझ्यामागे काका उतरतील."

गजाननानं अशी आरोळी ठोकली की धरणावरची सगळी बदकं उडाली. मी डोळे पुसत होतो, आणि ते लपवायची मला गरज वाटली नाही.

बापूंनी यातलं काही ऐकलं की नाही, कोण जाणे. ते लीडरसमोर जाऊन उभे राहिले आणि हात पुढे करून म्हणाले, "घ्या साहेब. तुमची टोपी गाडीतच राह्यली व्हती."